खाली न घेतलेला हात

भिवंडीत काही लोक मला अजून 'अध्यक्ष' म्हणून हाक मारतात. भाजी घेताना, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर स्मशानात. "काय अध्यक्ष, तब्येत काय म्हणते?" मी हात जोडतो आणि पुढे सरकतो. हाक मारणाऱ्याला वाटतं, म्हातारा नम्र आहे. मी नम्र वगैरे नाही. ती हाक ऐकली की पायातली चप्पल दुसऱ्याची असल्यासारखं वाटतं. तालुक्याच्या शिक्षक संघटनेचा मी अध्यक्ष झालो ते लोकांच्या मतांवर नव्हे, शिक्षकांच्या अंगात मुरलेल्या एका सवयीवर. बरीच वर्षं हे फक्त मला ठाऊक होतं. आता सगळ्यांना ठाऊक झालंय, पण तोंडोतोंडी गोष्ट फुगत जाते. परवा एकाने मलाच ऐकवलं की मी म्हणे त्या दिवशी लूमवाल्याला सांगून जास्तीचे लूम चालू करायला लावले होते. इतकी अक्कल मला असती तर मुख्याध्यापक झालो असतो. म्हणून जे झालं तेवढंच, जसं झालं तसं लिहितो.

आधी ती सवय सांगायला हवी.

माझी सगळी नोकरी एका शाळेत गेली. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. तो बंद असायचा फक्त शुक्रवारी, आणि शुक्रवारी माझ्या वर्गातली मुलं बावरायची. एवढी शांतता त्यांना सोसायची नाही. बाकी सगळे दिवस खटाखट, खटाखट. भिवंडीचे जुने शिक्षक बारशाला गेले तरी पाळण्यापाशी ओरडून बोलतात, ते यामुळे. पण घसा तरी किती ताणायचा? म्हणून आमच्याकडे हाताची पद्धत पडली. सरांनी उजवा हात सरळ वर केला की ज्याला तो दिसेल त्याने आपला हात वर करायचा आणि तोंड मिटायचं. त्याचा बघून शेजाऱ्याने, शेजाऱ्याचा बघून मागच्याने. बघता बघता सगळा वर्ग हात वर करून गप्प. आणि यातला मुख्य नियम असा, की सरांचा हात खाली येत नाही तोवर कोणाचाच हात खाली यायचा नाही.

एका प्रशिक्षणात मी ही पद्धत करून दाखवली. ती सगळ्यांना आवडली आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांतही गेली, जिथे खिडकीबाहेर भातखाचरं होती आणि लूमचा आवाज औषधालाही नव्हता. पण ती मुलांपेक्षा शिक्षकांच्याच अंगात जास्त भिनली. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत गोंगाट झाला, कोणीतरी हात वर केला, की चाळीशी-पन्नाशीची माणसं पहिलीतल्या पोरांसारखी हात वर करून चिडीचूप. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या हळदीत बँडवाल्यांना थांबवायला कोणी हात वर केला, तर शिक्षकांचा सगळा घोळका हात वर करून उभा. बँडवाल्यांना वाटलं, नाचायला आलेत. त्यांनी आणखी जोरात वाजवलं.

तर निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना मला अध्यक्ष व्हावंसं वाटलं. कारण साधं होतं. मुख्याध्यापकाची खुर्ची माझ्या शेजारून दोनदा निघून गेली होती. नावापुढे काहीतरी लागावं आणि मगच घरी बसावं, एवढीच हौस. बायकोला सांगितलं तेव्हा ती पोह्यांत मीठ घालत होती.

"अहो, घरातला गॅस संपला तर नंबर लावायची आठवण मला करावी लागते. तालुका काय सांभाळणार तुम्ही?"

"घर वेगळं, संघटना वेगळी."

"हो ना. घरात निदान मी आहे."

निवडणुकीत माझ्यासमोर उभ्या होत्या अकलोलीच्या बाई. आम्हा शिक्षकांत माणसाला गावावरून ओळखायची रीत, म्हणून आडनावाची कधी गरज पडली नाही. या बाई अकलोलीजवळच्या शेतकरी घरातल्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. शाळा सुटली की एसटी पकडून पंचायत समितीच्या कचेरीत यायच्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर डबा उघडून बसायच्या. कोणाची वेतनवाढ अडलेली, कोणाच्या सेवापुस्तकात नोंद राहिलेली, कोणाच्या बाळंतपणाच्या रजेचा घोळ. काम होईपर्यंत बाई उठायच्या नाहीत. कचेरीतले बाबू त्यांना बघून आपणहून फाइल काढायचे.

त्यांच्या जोडीला कायम एक मैत्रीण, त्याच शाळेतल्या गणेशपुरीच्या बाई. या उंच, धिप्पाड, बोलायला फटकळ. दोघींचा डबा एकच असायचा म्हणा ना. एकीच्या तांदळाच्या भाकऱ्या, दुसरीचं सुकटीचं कालवण. एसटीत एकीने खिडकी धरली की दुसरीची जागा आपोआप राखलेली. निवडणूक लागली तेव्हा गणेशपुरीच्या बाईंनी मैत्रिणीसाठी वज्रेश्वरीचा सगळा पट्टा पालथा घातला.

मी माझ्या स्कूटरवर निघालो. मागे आमच्या शाळेचे चित्रकलेचे सर. हा माणूस माझ्या प्रचाराला का आला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला स्कूटरवर फिरायला आवडायचं, एवढंच असेल. जिथे जाऊ तिथे बाई आधीच येऊन गेलेल्या. एका उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिकेने आम्हाला मोठ्या मायेने बसवलं.

"चाय पीजिए सर. वोट का बाद में देखेंगे."

"बाई येऊन गेल्या का?"

"कल ही आई थीं. हमारी दो टीचरों का काम भी कर गईं." मग माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. "बिस्कुट लीजिए ना."

गणेशपुरीच्या वाटेवरच्या एका शाळेत तर एका गुरुजींनी तोंडावरच सांगितलं, "सर, तुमच्याशी खोटं न्हाय बोलनार. मत बायना. पण गाडी पंक्चर झाली तर या, जवळच दुकान हाय." परत येताना खरंच पंक्चर झाली. गुरुजींनी स्वतः स्कूटर ढकलली आणि मत कोणाला ते पुन्हा एकदा सांगितलं.

थोडक्यात, मी पडणार होतो. हे मला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, चित्रकलेच्या सरांनाही माहीत होतं. तरी त्यांनी आपल्या हौसेने एक हार आणून पिशवीत ठेवला होता. "हरलात तर बाईंना घालू," ते म्हणाले. "फुलं वाया जायला नकोत."

आमच्या संघटनेत निवडणूक हात वर करून व्हायची. चिठ्ठ्या-पेट्यांचा खटाटोप कशाला, शिक्षकांनी काय लपवायचं, असं जुने लोक म्हणायचे. सभा रविवारी, कारण आमची सुट्टी रविवारची. लूमची सुट्टी शुक्रवारची. आणि सभेचा हॉल बरोबर एका लूमच्या कारखान्याच्या डोक्यावर. मी खाली जाऊन मुकादमाला विनंती केली, की तासभर बंद ठेवता येईल का.

"मास्टरजी, शिफ्ट चालू है. कपड़ा बीच में कैसे छोड़ें?" तो हसला. "आप लोग तो वैसे भी चिल्ला के बोलते हो."

वर हॉल भरलेला. स्टेजवर आम्ही तिघं. मध्ये निवडणूक अधिकारी म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन माणूस, ऐकू जरा कमी यायचं. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अकलोलीच्या बाई. समोर पहिल्याच रांगेत गणेशपुरीच्या बाई, पदर खोचून, आपल्या माणसाची वरात असल्यासारख्या बसलेल्या.

नेमके तेव्हाच वडे आले. मग काय विचारता. खालून लूम, वरून वडे. अधिकारी कागद डोळ्यांजवळ धरून काहीतरी बोलले, ते मलाच ऐकू आलं नाही. ते माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही गप्प करता का यांना?"

मी उभा राहिलो आणि उजवा हात वर केला.

इथवर माझ्या मनात काही नव्हतं, हे खरं. पहिल्या रांगेने बघितलं, हात वर. गणेशपुरीच्या बाईंचा हात वर. लाट मागे सरकत गेली, वडा धरलेले हातसुद्धा वर. माझ्या डावीकडे बघितलं, तर अकलोलीच्या बाईंचाही हात वर. सगळा हॉल चिडीचूप. फक्त खालची खटाखट.

अधिकाऱ्यांची मान कागदातच होती. शांत झालंय एवढं त्यांना जाणवलं असावं. त्यांनी वाचलं, "सरांना अध्यक्ष म्हणून ज्यांचा पाठिंबा आहे, त्यांनी हात वर करावेत." त्यांचा आवाज आधीच बारीक. मागे सोडा, पहिल्या रांगेलाही तो ऐकू गेला नाही. मला गेला. मी हातभर अंतरावर होतो आणि ते अजून माझ्याकडेच वळलेले होते; त्यांच्या पाठीकडच्या बाईंनाही ते ऐकू गेलं नाही.

त्याच क्षणी मी हात खाली घ्यायला हवा होता. माझा हात खाली आला असता तर सगळे हात खाली आले असते, कारण तो नियम मीच त्यांना शिकवला होता. मी घेतला नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी गोंधळलो, भान राहिलं नाही. तसं नव्हतं. मला नीट भान होतं. खांद्याला रग लागली होती, तीही आठवते. अधिकाऱ्यांनी मान वर केली. त्यांची नजर रांगेरांगेने मागपर्यंत गेली आणि परत येऊन बाईंच्या हातावर थांबली. त्यांचे डोळे भरून आले.

"बाईंचाही पाठिंबा! संघटनेच्या इतिहासात असं झालं नाही. एकमत! एकमत!"

मग मी हात खाली घेतला.

पुढचं फार भराभर झालं. चित्रकलेचे सर पिशवीतून हार काढत धावत आले. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, बाकीच्यांनी त्यांना साथ दिली. मागच्यांना वाटलं, पुढच्यांनी काही ठरवलं असेल. पुढच्यांना वाटलं, मागच्यांना हेच हवं असेल. आपण एकट्यानेच चुकून हात वर केला आणि बाकी सगळ्यांनी विचार करून, असं प्रत्येकाला वाटलं. त्यात बोलायचं कोणी? आणि बाई तरी काय बोलणार? त्यांचा स्वतःचा हात सगळ्यांनी बघितला होता. त्या उठल्या, मला नमस्कार केला, "अभिनंदन, सर" म्हणाल्या आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेतली मैत्रिणीची खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

परतताना चित्रकलेच्या सरांनी माझ्या कानात ओरडून विचारलं, "सर, हे झालं कसं?"

"लोकांचं प्रेम," मी ओरडून सांगितलं.

अध्यक्ष म्हणून मी वाईट नव्हतो. चांगला होतो असंही नाही. अडलेलं काम माझ्याकडे आलं की मी ते हळूच अकलोलीच्या बाईंकडे न्यायचो, आणि त्या ते करून द्यायच्या. कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण कचेरीच्या व्हरांड्यातल्या त्या बाकावर आता त्या एकट्याच बसायच्या. डब्यात नुसत्या भाकऱ्या आणि चटणी. केंद्राच्या बैठकीत एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. का, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग एक दिवस गणेशपुरीच्या बाई माझ्याकडे आल्या. दुसऱ्या शाळेत बदली हवी होती, संघटनेचा पाठिंबा मागत होत्या.

"चांगली शाळा आहे की तुमची. का सोडता?"

"मन लागत न्हाय सर तिथं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी चार ठिकाणी खेटे घातले, शब्द टाकला आणि बदली करून आणली. माझ्या कारकिर्दीत मी कोणाच्या मदतीशिवाय तडीस नेलेलं काम ते एकच. त्याबद्दल मला पेढेही मिळाले. ते मी खाल्ले.

निवृत्त झालो. गुडघे धरले. कोणीतरी बायकोला सांगितलं, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसलं की आराम पडतो. तिकडे जायला मी बरेच दिवस काचकूच केली. गुडघ्यांसाठी नव्हे. शेवटी बायकोने रिक्षात घातलं. कुंडाच्या पायरीवर बसून पँट गुडघ्यापर्यंत वर करतो तोच मागून आवाज आला, "काय अध्यक्ष, पाणी सोसतंय का?"

अकलोलीच्या बाई. केस पांढरे, आवाज तसाच. त्याही आता निवृत्त. घरचंच पाणी असल्यासारखं त्यांनी पाय बुडवले आणि बायकोशी गुडघ्यांबद्दल बोलू लागल्या. मी मध्येच बोललो. इतकी वर्षं मनात घोळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही. हात कसा वर केला, अधिकारी काय म्हणाले, मला काय ऐकू आलं आणि मी काय केलं नाही, एवढं सांगितलं.

पहिल्यांदा बायको बोलली. "तरीच! घरात तुम्हाला कोणी चहा विचारत नाही, आणि तालुका म्हणे एकमताने निवडून देतो!"

बाई पाण्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता पदाचं काढतील. चार लोकांत वाभाडे काढले असते तरी मी ऐकून घेतलं असतं.

"सर, माझा हात सवयीने गेला वर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बाकीच्यांनी मत दिलं."

"सगळ्यांचाच सवयीने गेला, बाई."

"तिचा पण?"

"त्यांचाही. माझ्या समोरच होत्या. माझा बघूनच वर केला त्यांनी."

बाईंनी पाय पाण्यातून वर काढले. मग पाय पुसून उठल्या. "पाय काढा बाहेर."

"कुठे जायचंय?"

"गणेशपुरीला. तुमच्या तोंडानं सांगायचं तिला. उठा."

ओले पाय घेऊन आम्ही तिघं निघालो. गणेशपुरीच्या बाई ओटीवर सुपात तांदूळ पाखडत होत्या. आम्हाला बघून सूप थांबलं. त्या फक्त माझ्या बायकोला म्हणाल्या, "या वहिनी, बसा." अकलोलीच्या बाई अंगणातच उभ्या राहिल्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. हे दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं.

गणेशपुरीच्या बाई माझ्याकडे न बघता मैत्रिणीला म्हणाल्या, "मला काय दिसलं ठाऊक हाय? तू वर बसून स्वतःच हात वर केलेला. मी म्हटलं, हिनं आतून जुळवून घेतलं आन् मला सांगितलं बी न्हाय. तुज्यासाठी मी चपला झिजवल्या, आन् तू सरांच्या नावानं हात वर करून बसलेली!"

"आणि तुझा हात कोणाच्या नावानं होता गं? पहिल्या रांगेत बसून?"

"माजा? माजा सरांचा बघून गेला वर. सवय ती!"

"मग माझा काय वेगळा होता?"

गणेशपुरीच्या बाईंनी सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला.

"विचारायचं तरी मला," एक म्हणाली.

"तू विचारलंस?" दुसरी म्हणाली.

मग गणेशपुरीच्या बाईंनी सूप बाजूला सारलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या. मग दोन्ही झालं. अकलोलीच्या बाई ओटीवर चढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि सवयीने सूप ओढून तांदळातले खडे वेचू लागल्या. माझी बायको डोळे पुसत होती, तिचा काही संबंध नसताना. बऱ्याच वेळाने दोघींना मी आठवलो.

"ह्या मानसाला चहा द्यायचा का न्हाय गं?"

"दे. पण बिनसाखरेचा."

तो चहा पिता पिताच माझी शिक्षा ठरली. संघटनेच्या पुढच्या वार्षिक सभेत, त्याच हॉलमध्ये, सगळ्यांसमोर सांगायचं. हॉलच्या भिंतीवर आजवरच्या अध्यक्षांचा फलक आहे. त्यावर माझ्या नावापुढे 'एकमताने' असं रंगवलेलं आहे, तो शब्द काढायला लावायचा. नाव राहू दे, असं अकलोलीच्या बाई म्हणाल्या. "काम तर आपणच केलं, सर. दोघांनी मिळून." यातला टोमणा मला कळला.

सभेला दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, पायाशी एकच मोठा डबा. आजूबाजूचे किती कारखाने जाऊन गोदामं झाली, पण या हॉलखालचे लूम अजून तसेच चालू. आताचे अध्यक्ष तरुण आहेत. त्यांनी मला बोलायला बोलावलं आणि नेहमीसारखा गोंगाट सुरूच राहिला. माझा उजवा हात आपसूक उचलला गेला. खांद्यापर्यंत आलेला हात मी परत खाली नेला आणि खिशात घातला. "माइक द्या," म्हटलं.

सांगून झालं. मी स्टेजवरून उतरून दोघींच्या शेजारी जाऊन बसलो. मग मागून एक जाडा आवाज आला, "सर, मी वड्यासकट हात वर केला होता. चटणी बाहीत गेली, म्हणून आठवतंय!" मग कोणाला धरबंध राहिला नाही. जो तो आपला हात कसा वर गेला ते सांगू लागला. एक गुरुजी उभे राहून म्हणाले, "मी तर यांना तोंडावर सांगितलं हुतं मत बायना. घरी गेल्यावर माजाच मला भरोसा वाटंना!" स्कूटर ढकलणारे गुरुजी तेच.

शेवटी तरुण अध्यक्षांनी ठराव मांडला. "फलकावरचा 'एकमताने' हा शब्द काढून टाकावा. या ठरावाला ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी..." ते अडखळले. "...त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर आला नाही. सगळे आपापले हात मांडीवर धरून, एकमेकांकडे बघत, हसू दाबत बसलेले. कोणी पहिला हात उचलायला तयार नाही.

गणेशपुरीच्या बाई ताडकन उठल्या. "ज्यांना पटलंय त्यांनी उभं ऱ्हा! बसून बसूनच घोळ झालेत सगळे."

खुर्च्या खरडल्या. रांगांमागून रांगा उठल्या. मलाही उठायचं होतं, पण गुडघे ऐकेनात. कोणीतरी माझ्या कोपराला धरलं. अकलोलीच्या बाई होत्या.

"उठा, सर," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष म्हणाल्या नाहीत. मी उभा राहिलो, आणि खबरदारी म्हणून दोन्ही हात खालीच ठेवले.